वाढत्या अंगाचा झगा

आमच्या गल्लीतला कडुलिंब फुलला. जालन्यात आता लिंब उरलेत कुठं म्हणा, पण एक आहे, रेशन दुकानाच्या मागं, आणि त्याचा तो कडसर गोड वास सकाळी खिडकीतून आत आला की मला कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. ईस्टर आला. नाताळाला आजकाल नुसता केकचा वास असतो, आणि तो बाराही महिने बेकरीत मिळतो. ईस्टरचा वास लिंबाच्या मोहोराचा. त्यात खळ्यावरच्या ज्वारीचा भुसा मिसळा, कोऱ्या मांजरपाटाचा वास मिसळा, आणि कबरींना दिलेल्या ओल्या चुन्याचा. झाला माझा ईस्टर.

परवा नातसुनेनं माझ्या पणतीसाठी ईस्टरचा झगा मागवला. मोबाइलवर बोट फिरवलं की आला दारात, खोक्यात बसून. वर जाळी, खाली जाळी, कमरेला पोरीच्या डोक्याएवढं फूल. सगळे म्हणाले, परीसारखा आहे. मी म्हटलं, आणा इकडं, बघू. चष्मा लावला आणि झगा उलटा केला. कपडा मी नेहमी उलटा करून बघते. माणसंसुद्धा तशीच बघायची सवय लागली, त्याला आता इलाज नाही. शिवणीत नखाएवढंही जादा कापड नाही. खालची दुमड म्हणजे नुसती रेघ. मी विचारलं, हा पुढच्या वर्षी कसा होणार हिला? नातसून म्हणाली, आजी, पुढच्या वर्षी कशाला, पुढच्या वर्षी दुसरा घेऊ. आजच्या मापाचा, आजच्या फोटोपुरता, आज घालून उद्या फेकायचा. मी झगा परत खोक्यात ठेवला आणि छान आहे म्हटलं. म्हातारीनं घरात राहायचं तर एवढं खोटं बोलावं लागतं.

सांत्वनसुद्धा आता असंच मिळतं. मागं आमच्या चर्चच्या मंडळीतला एक तरणा मुलगा गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या आईच्या फोनवर जोडलेल्या हातांची आणि उडत्या कबुतरांची चित्रं मावेनात. दफनाहून परतल्यावर एकजण हातात चहाचा कप धरून तिला म्हणाला, ‘रडू नका, तो इथल्यापेक्षा चांगल्या ठिकाणी गेला.’ आणि बिस्कीट बुडवलं. बिस्कीट तुटून कपात पडलं तेव्हा मात्र त्याच्या चेहऱ्यावर खरं दुःख दिसलं. त्या बाईचं दुःख केवढं, ते कुठं सैल आहे, कुठं काचतं, हे बघायला कुणी थांबलं नाही. मला माझी माय आठवली. माय असती तर तिनं ते वाक्यसुद्धा दोन बोटांत धरून उलटं केलं असतं.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं, ओढ्याकाठी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. ख्रिस्ती घरं मोजकी, सगळी गावाच्या एका अंगाला, आणि मातीच्या भिंतींचं एक देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला, तो लोखंडाच्या पहारीनं वाजवायचा. बाबा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. माय लहानपणी पोरकी झालेली, जालन्याला मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, आणि तिथून ती दोनच गोष्टी घेऊन आली होती असं बाबा म्हणायचे: एक कात्री आणि एक तोंड. दोन्ही धारदार.

नवे कपडे आम्हाला ईस्टरलाच. शहरातल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं. पण नाताळात ज्वारी रानात उभी असते, आणि उभ्या ज्वारीवर कुणी कापड देत नाही. ईस्टरच्या आगंमागं खळं होतं, सालगड्याच्या वाट्याची ज्वारी घरात येते, त्यातली थोडी बाजारात जाते, मग कापड. तर प्रभूच्या जन्माला आम्ही जुनेऱ्यात जायचो आणि पुनरुत्थानाला कोऱ्यात. मला अजूनही वाटतं की बराबर आमचंच होतं.

कापड ठरलेलं, मांजरपाट. जाडंभरडं, पांढरं म्हणायचं पण पिवळट, गरिबाचं सगळं, अगदी कफनसुद्धा, त्याच्यातच व्हायचं. माय ते आधी रात्रभर पाण्यात घालायची, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. मग हातानं शिवायची, मशीन कुठलं आलं. आणि शिवायची ते वाढत्या अंगाचं. शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची, खाली घेराला चांगली वीतभर दुमड, खांद्यावर चुण्या. पहिल्या वर्षी पोरगी झग्यात बुडून जायची. मग दर ईस्टरला एक दुमड उसवायची, झगा खाली यायचा. जुन्या दुमडीची रेघ राहायची, कितीही धुवा, जायची नाही. माझ्या एका झग्यावर अशा तीन रेघा होत्या. गावातल्या पोरी मला त्यावरून चिडवायच्या, पायऱ्यापायऱ्यांचा झगा म्हणायच्या. माय म्हणायची, त्यांना सांग, माझ्या मायला ठाव हाय मी कितीपर्यंत वाढनार हाय. तुमच्या मायला ठाव हाय का?

त्या वर्षी ज्वारीच्या काढणीत माझी धाकटी बहीण रुती आजारी पडली. रूथ नाव, पण रूथ म्हणून तिला फक्त पाळकसाहेब हाक मारायचे, ते जालन्याहून कधीमधी आले म्हणजे. पाचसहा वर्षांची, बारकी, काळीसावळी आणि आमच्या मायचं तोंड जसंच्या तसं घेतलेली. मुदतीचा ताप. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता पोरगी अंथरुणाला चिकटली. बाबा मालकाकडं बैलगाडी मागायला गेले, जालन्याच्या दवाखान्यात न्यायला. गोठ्यात बैलांच्या जोड्याच जोड्या, पण सुगीचे दिवस, म्हणे बैल मोकळे नाहीत. बाबांनी तिला पाठीवर बांधलं आणि भोकरदनपर्यंत पायी नेलं, तिथून मोटारीनं जालना. डॉक्टरीणबाईंनी काही दिवस ठेवून घेतलं, होतं ते सगळं केलं, आणि मग सांगितलं की घरी न्या, जपा, आता मुदत पुरी होऊ द्यायची. ते खरंच होतं. तेव्हा त्या तापाला माणसाच्या हातात फार काही नव्हतं.

औषधं कमी होती, सांत्वन मात्र मुबलक. शेजारची गंगूमावशी यायची, दारातच बसायची, आत यायची नाही, आणि पदर तोंडाला लावून सांगायची की तुमी मरीआईला सोडलं, ती कशी सोडंल? आजेसासऱ्यानं बाटून काय कमावलं, दुधाची पावडर? मग दुपारी शेवंताबाई यायच्या. त्या बायबलबाई, म्हणजे मिशनकडून बायांना शास्त्र सांगत खेड्यापाड्यातून फिरायच्या. काळी छत्री, काखेत पिशवी, आणि आवाज असा की जणू मधात सुपारी ठेवली आहे. त्या म्हणायच्या, सोनं तावल्याबिगर निघत नाही, साराबाई; विश्वासात कुठंतरी कमी पडलीस का ते आपलं मन तपासून बघ. एकीचं म्हणणं देव सोडला म्हणून, दुसरीचं म्हणणं देव नीट धरला नाही म्हणून. मधी माझी बहीण, तापानं फणफणलेली. दोघींची एका गोष्टीत मात्र एकी होती: चूक आमच्या मायची. खरं सांगायचं तर गंगूमावशी निदान येताना तांब्याभर ताक आणायची. शेवंताबाई छत्री आणायच्या.

आणि त्यांच्या साक्षी, त्या तर विचारूच नका. अमक्या गावात अमक्या बाईचं लेकरू मरायला टेकलं होतं, तिनं प्रार्थना केली आणि लेकरू उठून भाकर मागायला लागलं. दर खेपेला नवं गाव, नवं लेकरू. आजही टीव्हीवर असले लोक दिसतात, सूट घालून, घाम पुसत. मला त्यांना एकच विचारावंसं वाटतं. तुमची प्रार्थना पिकली, मग आमच्या मायची काय कच्ची होती? ज्याचं लेकरू वाचलं त्यानं आभार मानावेत आणि गप घरी जावं. दुसऱ्याच्या अंगणात येऊन आपली भरलेली कणगी दाखवू नये.

माय प्रार्थना करायची ती आम्हाला पाठ होती, कारण ती पुटपुटत नसे. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ती देवाशी बोलायची, आणि बोलायची म्हणजे भांडायची. तू असा गप का बसून राह्यला? मी काय राज मागून राह्यले का? असं. शेवंताबाईंनी एकदा ऐकलं आणि कानाला हात लावला. माझा नातू शिकलेला आहे, तो म्हणतो, आजी, धर्म म्हणजे गरिबाला गप्प बसवायची गोळी. मी म्हणते, बाळा, तू पुस्तकं फार वाचलीस, पण माझी माय गप्प बसलेली तू पाहिलीस का? मी तर पाहिली नाही. ती गोळी तिला लागू पडली नव्हती एवढं नक्की.

खळं झालं. वाट्याची ज्वारी घरात आली. माय बाबांना म्हणाली, बाजारला जा, मांजरपाट आना. बाबांनी एकदा रुतीकडं बघितलं, एकदा मायकडं, आणि भोकरदनची वाट धरली. बाबा कधीच फार बोलत नसत. तिथंच सगळा घोटाळा झाला.

दुकानदारानं विचारलं कापड कुणासाठी. बाबा म्हणाले, रुतीसाठी. दुकानात आमच्याच गावचे दोघे बसलेले. त्यांना रुतीचं दुखणं माहीत. त्यांनी पांढरं मांजरपाट बघितलं, बाबांचा उतरलेला चेहरा बघितला, आणि काय समजायचं ते समजले. दुकानदारानं कापड गुंडाळून देताना दोन्ही हात जोडले. बाबांना वाटलं, सणाचं गिऱ्हाईक म्हणून जोडले, त्यांनीही जोडले. ते दोघे सायकलवर पुढं निघाले. बाबा मागून पायी.

आम्ही घरात. मी रुतीला लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होते, माय ज्वारी पाखडत होती. आधी लांबून रडण्याचा एक हेल ऐकू आला. मग दुसरा. मायनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, कुनाकडं झालं गं? तोवर अंगण भरलं. गंगूमावशी सगळ्यांच्या पुढं, केस मोकळे, छाती बडवत, माझी चिमनी गेली माय, असं गात. ज्या बाया वर्षभरात आमच्या अंगणाला पाय लावत नव्हत्या त्या सगळ्या आल्या. शेवंताबाई गावातच होत्या, त्या आल्या, आणि छत्री मिटून त्यांनी मरणाचं गीत सुरूसुद्धा केलं. माय खुळ्यासारखी बघत उभी. अन् तेवढ्यात आतून रुतीचा बारीक आवाज आला.

“माय, कोन मेलं?”

हेल जागच्या जागी तुटला. गंगूमावशीचा हात छातीवर तसाच राहिला. शेवंताबाईंचं गीत दोन ओळी पुढं गेलं, कारण ते सुरू झालं की थांबायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, मग तेही विझलं. मायनं एकेकीकडं बघितलं. मग आत तोंड करून म्हणाली, “कुनी न्हाई गं. मावशीच्या पायात काटा भरला.”

“एवढाल्या जनींच्या?” रुतीनं विचारलं.

मी हसले. मला अजून आठवतं, एवढी भ्यालेली आणि तरी मी हसले. बाया एकमेकींना ढकलत अंगणाच्या कडेला सरकल्या, पण गेल्या नाहीत. आलोच आहोत तर बसू, असं करून बसल्या. तेवढ्यात दोन बाप्ये माणसं मातीनं भरलेली आली, खांद्यावर कुदळ. कबरस्थानात खड्डा काढून झाला, माती मुरमाड लागली पण काढला, असं सांगायला. बघा, म्हणजे दवाखान्याला न्यायला गावात एक बैल मोकळा नव्हता, आणि खड्डा काढायला दोन माणसं बाबांच्या आधी धावत गेली. मेलेल्याला मदत करायची गावाला भारी हौस. जित्याला मदत करायची तर त्यात खर्च असतो.

बाबा घामाघूम होऊन आले, काखेत कापड. अंगण भरलेलं बघून त्यांना वाटलं, रुती गेली. मायनं त्यांच्या काखेतलं कापड ओढून घेतलं, रुतीला भिंतीला टेकवून बसवलं आणि सगळ्यांच्या देखत माप घ्यायला लागली. खांद्यापासून टाचेपर्यंत कापड धरलं, मग खाली आणखी एक वीत सोडली. शेवंताबाई पुढं आल्या, त्यांनी मायच्या खांद्यावर हात ठेवला आणि मधाच्या आवाजात म्हणाल्या, “साराबाई, मनाची तयारी ठेवावी आता.”

माय म्हणाली, “तयारीच करून राह्यले.”

“अन् ही एवढी दुमड कशापायी?”

“वाढत्या अंगाची हाय पोरगी,” माय म्हणाली. “अन् आता उठा समद्याजनी. हवा येऊ द्या तिला.”

संध्याकाळी बाबा कबरस्थानात गेले आणि तो खड्डा त्यांनी एकट्यानं बुजवला. गावात मग बोलणं झालं की साराबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मरत्या पोरीला झगा शिवते, आणि तोही पुढच्या चार वर्षांचा. ओढ्यावर बाया हसायच्या. मला ते हसणं ऐकू यायचं, मी घागर भरून निघून यायचे. आज एवढ्या वर्षांनी मला त्यांचा राग येत नाही. राग यायला समोरचं माणूस जरा उंचीचं लागतं. त्यांना आशा ही गोष्ट फक्त बाजारभावासारखी ठाऊक होती. वर जाईल असं दिसलं की धरायची, पडेल असं दिसलं की सोडायची. मायला भाव कळत नव्हता असं नाही. रुतीचं अंग तिनंच रोज पुसलं होतं, बरगड्या तिनंच बघितल्या होत्या. तरी ती शिवत होती.

ते दिवस मला फार आवडतात, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. दुपारी वारं पडलेलं, लांब कुणाच्यातरी खळ्यावर बैलांना घातलेली हाळी, कडब्याच्या गंजीवर साळुंक्यांची भांडणं, आणि आमच्या घरात सुईचा आवाज. कोऱ्या मांजरपाटातून सुई जाताना आवाज होतो, बारीक, टचकन. रुती पडल्या पडल्या हुकूम सोडायची. खिसा पायजे. मायनं विचारलं, कशाला? तर फुटाण्याला. मग थोड्या वेळानं, एक न्हाई, दोन. दुसरा कशाला? तर एका खिशातले मार्था खाईन, मंग मला दुसरा पायजे. मार्था म्हणजे मी. मायनं दोन खिसे लावले. एक डावीकडं, एक उजवीकडं, मोठे, पुरुषाची मूठ जाईल एवढे.

मग झावळ्यांचा रविवार आला. खऱ्या झावळ्या आमच्याकडं कुठल्या, आम्ही पोरं ओढ्याकाठच्या शिंदीच्या फांद्या तोडून आणायचो, काटे बोचायचे, आणि त्या हलवत देवळाला फेरी मारायची. मी एक फांदी घरी आणून रुतीच्या हातात दिली. तिनं तिच्यानं माशा हाकल्या. शेवंताबाई म्हणाल्या, बघा, लेकरू प्रभूचं स्वागत करतंय. रुती म्हणाली, माश्या हायेत.

त्या दिवशी ताप जरा उतरला. तिनं पेज घेतली. मायनं झग्याची शेवटची टीप घातली आणि दातानं दोरा तोडला. रुतीनं झगा छातीशी धरून बघितला, पाय झाकले जातात का ते बघितलं, आणि म्हणाली, मी आत्ताच घालते. माय म्हणाली, न्हाई, सनाला.

सण यायच्या आधीच ती गेली. दुपारची वेळ होती. माय तिला टेकवून पाणी पाजत होती, तिनं एक घोट घेतला, दुसरा ओठातून खाली आला. एवढंच झालं. लिंबाचा मोहोर वाऱ्यानं दारात आलेला, त्यातला थोडा तिच्या केसांत होता. माय कितीतरी वेळ तो वेचत बसली.

गाव पुन्हा आलं. तेच हेल, त्याच बाया, पण आता जरा हिशेबानं. आधी आत डोकावून खात्री करून घेतली आणि मग गळा काढला. शेवंताबाई आल्या. भोकरदनचे सुवार्तिक आले, ते गावोगाव उपदेश करीत फिरायचे. ते म्हणाले, प्रभूला आपल्या बागेत फूल हवं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला दहा वर्षांच्या पोरीला कळलं, पण त्यांना कळलं नाही, की ज्याच्याकडं एवढी मोठी बाग आहे त्याला आमच्या अंगणातलं एवढंसं रोप कशाला लागावं. अशा माणसांना वाटतं की आपण देवाची बाजू घेतोय. देव ऐकत असेल तर मान खाली घालत असेल.

मायनं रुतीला न्हाऊ घातलं, डोळ्याला काजळ लावलं, आणि तो झगा घातला. झगा बराबर टाचेपर्यंत आला. बाया म्हणाल्या, कसा मापाचा झाला. शेवंताबाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, सणाचाच झगा झाला म्हणायचा. मग माय उठली, फळीवरची कात्री घेतली, आणि रुतीच्या पायाशी बसली. सगळ्या बाया एकदम मागं सरल्या. तिनं झग्याचा काठ उलटा केला, कात्रीचं टोक टाक्यात घातलं, आणि दुमड उसवायला लागली. मला म्हणाली, मार्था, धर इकडं ताणून. मी धरलं.

शेवंताबाई म्हणाल्या, “साराबाई, अगं काय करून राह्यली?”

“दुमड उसवून राह्यले.”

“आता कशाला? लांब व्हईल तिला. पायाच्या खाली जाईन.”

मायनं मान वर केली नाही. टाका, टाका, टाका. म्हणाली, “बाई, तुमीच सांगता न्हवं, तिथं जित्तं राहतंय मानूस?”

“हो की गं. सांगतेच की.”

“मंग जित्तं लेकरू वाढत न्हाई का? तिथं माझ्या लेकराची दुमड कोन उसवील?”

एवढी वर्षं शेवंताबाई गावोगाव जिवंत आशेबद्दल बोलत हिंडल्या होत्या, आणि ती आशा समोर कात्री घेऊन बसलेली बघून त्यांनी छत्री जवळ ओढली. सुवार्तिक दारात उभे होते, ते अंगणात बघायला लागले. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, त्या घरात, ते बोलत होते त्यातला एक शब्द खरा धरणारी फक्त आमची माय होती. बाकीचे नुसते पाठ म्हणत होते. गंगूमावशी मात्र उठली. आमच्या घरात आजवर पाऊल न टाकलेली बाई, ती उंबरा ओलांडून आत आली, मायच्या शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूनं काठ ताणून धरला. तिनं मरीआईचं नाव काढलं नाही. तिच्याबद्दल मी वर जे लिहिलं ते खोडत नाही. पण हेही लिहून ठेवते.

सगळी दुमड उसवून झाली. झगा तिच्या पायाच्या खाली चांगला वीतभर गेला, आणि जिथं दुमड होती तिथं एक रेघ राहिली. मायनं घरातले फुटाणे आणले आणि दोन्ही खिसे भरले. मग बाबांना म्हणाली, चला.

ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्थानात गेली, रिवाजाप्रमाणं, मेणबत्त्या आणि चुना घेऊन. पुढं कितीतरी वर्षं ते सुवार्तिक आपल्या उपदेशात सांगायचे की केदारखेड्याकडच्या एका मातेनं लेकीच्या कबरीवर आनंदानं गीत गायलं. एकदा मी स्वतः ऐकलं, अंबडला, लग्न होऊन गेल्यावर. खोटं. माय गायली नाही. माय त्या वर्षी देवळातसुद्धा गायली नाही. तिनं कबरीला चुना दिला, हात धुतले, आणि पूर्वेकडं तोंड करून, भाकरी थापताना बोलायची त्याच आवाजात, म्हणाली, सांभाळ तिला. तोंडाळ हाय. एवढंच. गाणं लोकांना सोपं जातं, म्हणून त्यांनी गाणं घातलं.

माय जाऊनही आता फार वर्षं झाली. तिची कात्री माझ्याकडं आहे, धार गेली, पण आहे. यंदा लिंब फुलला तेव्हा मी माझीही तयारी करून टाकली, कुणाला त्रास नको. पांढरं लुगडं आणून ठेवलं आणि चोळी शिवायला गल्लीतल्या टेलरकडं गेले. पोरगा चांगला आहे, मला आजी म्हणतो. मी त्याला सांगितलं, शिवणीत दोन बोटं कापड आत ठेव. त्यानं विचारलं, कशाची चोळी आहे, आणि मी सांगितलं. तो हसला, म्हणाला, “आजी, आता तुमचं अंग उतरनार. वाढनार थोडंच हाय? अन् तिथं उसवनार कोन?”

मी म्हटलं, “तू ठेव बाबा. उसवायला तिथं माझी माय हाय.”